आमचं वावर, त्यांचा प्रदेश

आमच्या वावरात काढलेला पिक्चर बघायची आम्हालाच परवानगी नाही, हे मला एका कंपनीने माझ्याच टीव्हीवर कळवलं. ‘क्षमस्व! हे शीर्षक सध्या तुमच्या प्रदेशात उपलब्ध नाही.’ क्षमस्वच्या पुढे उद्गारचिन्ह होतं, जणू पेढे वाटायची बातमी आहे. पिक्चरला शीर्षक म्हणणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. ज्याने हे वाक्य लिहिलं त्याला मराठी येत नसावं, आणि ज्याने ते पास केलं त्याला लाज येत नसावी. मी या कंपनीला दर महिन्याला न चुकता पैसे भरतो. ते घेताना माझा प्रदेश त्यांना कधी आडवा आला नाही.

मी जुन्या ट्रॅक्टरांचा धंदा करतो. जानेफळहून मेहकरला जाणाऱ्या रस्त्याला माझं आवार आहे. शाळा लवकर सुटली, मग बैलांच्या एका दलालामागे दोर धरून बाजार हिंडलो. त्या बाजारात भाव तोंडाने करत नसत. घेणारा आणि विकणारा हातावर रुमाल टाकायचे आणि खाली एकमेकांची बोटं दाबून आकडा सांगायचे. शेजारी उभ्या माणसालाही पत्ता लागायचा नाही. रुमाल निघाला की सौदा झाला. कागद नाही, सही नाही. आणि ज्याने शब्द फिरवला, त्याच्या हातावर पुढच्या बाजारात कोणी रुमाल टाकत नसे. बैल संपले, ट्रॅक्टर आले, रुमालही गेला. पण समोरच्याचा हात हातात आल्याशिवाय मला अजूनही सौदा झाल्यासारखा वाटत नाही. लोक मला तापट म्हणतात. ते खरं आहे. पण मी तापतो तो समोर बसलेल्या माणसावर, आणि त्यालाही माझ्यावर तापायची मोकळीक असते. टीव्हीवर उद्गारचिन्ह टाकून दार लावून घेणाऱ्यांवर तापायचं कसं, हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

काही वर्षांपूर्वी पुण्याहून एक टोळी पिक्चर काढायला आमच्याकडे आली. त्यांच्या मॅनेजरला आमचं वावर पसंत पडलं, कारण तिथे एक जुनी विहीर आहे आणि तिच्याजवळून जाणारी गाडवाट टेकाडावर चढून दिसेनाशी होते. ‘दादा, काय फ्रेम आहे ही,’ असं तो सारखा म्हणायचा. आमच्या दृष्टीने तिथे तूर होती. भाड्यावरून आमचं चांगलंच जुंपलं. शेवटी मी गमतीने हातावर रुमाल टाकला आणि त्याचा हात आत ओढला. त्याला ते इतकं आवडलं, की दुसऱ्या हाताने त्याने फोटो काढला. मग म्हणाला, ‘आणि दादा, पिक्चर झाला की गावात पडदा लावून दाखवू. आई-बाबा पहिल्या रांगेत.’ रुमाल अजून हातावरच होता. माझ्या हिशेबी तो शब्द सौद्यात आला. त्याच्या हिशेबी ते फोटो काढू दिल्याबद्दलचं गोड बोलणं होतं.

बाबांना त्यांनी आधी नुसतं विहिरीच्या कठड्यावर बसायला सांगितलं होतं. मग दिग्दर्शकाला त्यांचा चेहरा आवडला आणि त्यांना बोलायला दिलं. सायकलवरून आलेला नट त्यांना रस्ता विचारणार आणि ते सांगणार, एवढंच. ‘तुमच्या पद्धतीने बोला बाबा,’ असं दिग्दर्शक म्हणाला. सगळी दुपार त्यात गेली. बायामाणसांना दोरीच्या पलीकडे लांब उभं केलं होतं आणि कोणी खोकलं तरी एक मुलगी बोट ओठांवर ठेवून धावत यायची. त्यामुळे मायला तिचा नवरा पिक्चरमध्ये काम करताना दिसला, ऐकू काही आलं नाही.

घरी आल्यावर तिने विचारलं, ‘काय बोलले तुमी त्याच्यासंगं?’

‘पिक्चरातच पाहाजो,’ बाबा म्हणाले.

‘इतकं काय हाये सांगाले?’

‘आता तं नाहीच सांगत.’

आणि नाहीच सांगितलं. त्यांना ती मजा वाटत होती. मला विचारलं तर मी आवारात होतो, गिऱ्हाईक आलं होतं. पुढच्या वर्षीच्या हिवाळ्यात बाबा बसल्या जागी गेले. तेव्हा पिक्चर अजून पुण्यात कापाकापीत होता.

आमच्या घरी बाबांचे फोटो ढीगभर आहेत. आवाज कुठेच नाही. मोबाइल समोर धरला की ते तोंड मिटून फोटोला बसल्यासारखे बसायचे. हे फोटो काढत नाही, बोलणं धरते, असं कितीही सांगितलं तरी. एका लग्नातलं चित्रण आहे, त्यात ते बोलताना दिसतात, पण वरून बँड वाजतोय. माय फोटोसमोर कधी फार थांबली नाही. ती एकच गोष्ट धरून बसली होती. ‘पिक्चर आला का रे?’ असं ती मला दर आठ-पंधरा दिवसांनी विचारायची, एखाद्या पाहुण्याची चौकशी करावी तसं.

पिक्चर आला, पण परदेशात. तिकडच्या कुठल्या कुठल्या महोत्सवांत दाखवला गेला. पेपरात लेख आला, त्यात ‘वऱ्हाडच्या मातीचा अस्सल गंध’ असे शब्द होते. ज्या माणसाच्या वहाणेला वऱ्हाडची माती लागली की तो गाडीत बसण्याआधी ती कागदाने पुसतो, त्यालाच तिचा गंध येतो. आम्हाला येत नाही. गावात पडदा लावण्याचं विचारायला मी मॅनेजरला फोन केला, तर तो म्हणाला, ‘दादा, आता ते आपल्या हातात राहिलं नाही. पण आनंदाची गोष्ट म्हणजे तो जगभर येतोय.’ त्याने कंपनीचं नाव सांगितलं. त्याच कंपनीला मी पैसे भरत होतो. मी मायला टीव्हीसमोर बसवलं, पिक्चरचं नाव टाकलं, आणि ते उद्गारचिन्ह आलं.

माय वाचते. तिने ते वाक्य मोठ्याने वाचलं.

‘शीर्षक म्हंजे?’

‘पिक्चर.’

‘मंग तसं काऊन नाही लिहित?’ मग तिने पुढचं वाचलं. ‘आपल्या प्रदेशात नाही. मंग मध्य प्रदेशात असन.’

मायचं माहेर जळगाव जामोदचं. सातपुडा ओलांडला की मध्य प्रदेश. तिकडच्या माणसाच्या डोक्यात प्रदेश या शब्दाचा एकच अर्थ आहे. आणि तिकडे लहान पोरालाही माहीत असतं, की इकडे जिच्यावर बंदी ती वस्तू पलीकडे दुकानात टांगलेली असते. गुटखा तिकडूनच येतो. डिझेलचा भाव तिथे वेगळा असतो म्हणून ट्रकवाले थांबून टाकी भरतात. मायच्या म्हणण्यात काही खोट नव्हती. खोट त्या वाक्यात होती. मी तिला समजावलं, की इथे प्रदेश म्हणजे देश.

‘तू गेल्ता का पाहाले?’ ती म्हणाली.

‘न जाताच माहीत हाये मले.’

‘न पाहता ट्रॅक्टर घेतं का तू?’

तिच्या भाचीचं सासर बुऱ्हाणपूरच्या बाजूला आहे आणि तिच्याकडे जावळाचा कार्यक्रम निघालाच होता. आम्ही गेलो. मायने पंगत उठेपर्यंत दम धरला. मग भाचीच्या नवऱ्याच्या टीव्हीवर मी माझं खातं उघडलं. घरातल्या सगळ्यांना कळलं होतं, की मावशीचे मालक पिक्चरमध्ये आहेत आणि तो इकडे दिसणार आहे. बायका भांडी तशीच ठेवून आल्या. मी नाव टाकलं. तेच वाक्य आलं, तेच उद्गारचिन्ह.

भाचीचा नवरा बिचारा आपल्या वायरी हलवून पाहू लागला, जणू त्याच्या घराची चूक आहे.

‘इथं बी नाही?’ माय म्हणाली.

‘माय, मी सांगतलं होतं. भारतात नाही.’

‘म्हंजे सारा देशच नाही चालत त्यायले?’

‘नाही.’

‘मंग वावर कोठचं होतं?’

परतताना जळगाव जामोद मागे टाकल्यावर माय म्हणाली, ‘जिल्ह्यात तुह्यासारखा भाव कोनी तोडत नाही म्हनतात. अन् बापाचा आवाज आनता येत नाही तुले.’ ती रागाने म्हणाली असती तर मी भांडलो असतो. तिने ते सहज म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी कंपनीशी बोलायला बसलो. फोन नंबर नव्हताच. लिहून बोलायचं. पलीकडून एक नाव आलं आणि ‘मी आपली कशी मदत करू शकते?’ असं आलं. ती बाई होती की मशीन, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही आणि त्याने काही फरकही पडला नाही. मी सगळी हकीकत लिहिली. उत्तर आलं : ‘आपली गैरसोय आम्ही समजू शकतो.’ मी लिहिलं, गैरसोय नाही, बाप आहे. पुन्हा आलं, गैरसोय समजू शकतो. मग मी धंद्यावर आलो. लिहिलं, की या एका पिक्चरचे वेगळे पैसे लावा, जास्त लावा, एकदाच दाखवा, मी पुन्हा मागणार नाही. आयुष्यात मी पहिल्यांदा समोरच्याने न मागता भाव चढवत होतो. उत्तर आलं, की असा पर्याय सध्या उपलब्ध नाही, आणि हे चालू असताना खाली एक चौकट आली : आमच्या सेवेला किती तारे द्याल?

एवढं मात्र कळलं, की भारतापुरते हक्क दुसऱ्याच कुठल्या तरी कंपनीने घेऊन ठेवले आहेत, आणि ती तो पिक्चर दाखवतही नाही आणि सोडतही नाही. हा प्रकार मी ओळखून आहे. बाजारात अशी एक जात असायची. चांगल्या बैलाला इसार म्हणून थोडे पैसे आधी देऊन ठेवायचा, न्यायचा मात्र नाही. दुसऱ्याने नेऊ नये एवढ्यासाठी. बैल खुंट्याला उभा, मालक त्याला कडबा घालतोय आणि हा चहाच्या टपरीवर बसून मिशा पिळतोय. अशा माणसाला बाजार शिव्या घालायचा, आणि त्या त्याला ऐकू जायच्या. आता त्याला हक्क म्हणतात आणि शिव्या घालायला टपरी शिल्लक नाही.

मेहकरला मोबाइल दुरुस्त करणारा माझा एक दोस्त आहे. त्याचे वडील बाजारात बैलांना नाल ठोकायचे, तिथली आमची ओळख. मी त्याच्याकडे टीव्हीच उचलून नेला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘व्हीपीएन टाकू ना भाई. मुश्किल काय हाये त्यात?’

‘ते काय असते?’

‘तुमचा टीव्ही सांगते त्यायले का मी लंडनात बसून हाये. ते म्हनतात, बसा साहेब, पाहा.’

‘म्हंजे खोटं बोलाचं.’

‘तुमी ट्रॅक्टर विकताना काय बोलता?’

त्याने व्हीपीएन टाकलं, लंडन निवडलं. मी नाव टाकलं आणि पिक्चर आला. पोस्टर आलं. विहीर होती पोस्टरवर, आमची. माझ्या दोस्ताने मोठ्या ऐटीत बटण दाबलं. गोल चक्र फिरलं, आणि मग : ‘आपण प्रॉक्सी किंवा अनब्लॉकर वापरत असल्याचे दिसते. कृपया ते बंद करून पुन्हा प्रयत्न करा.’ आम्ही बंद केलं. तर, तुमच्या प्रदेशात उपलब्ध नाही. पुन्हा चालू केलं. तर, बंद करा. दोस्ताने जर्मनी लावून पाहिलं, कॅनडा लावून पाहिलं, दुसरं एक विकतचं व्हीपीएन घेऊन पाहिलं. प्रत्येक ठिकाणी पोस्टर दाखवायचे, विहीर दाखवायचे आणि दाराशी अडवायचे. सरकारी कचेरीत मी असे बरेच हेलपाटे घातले आहेत. पण तिथे निदान बसायला बाकडं असतं, आणि आतला माणूस जेवायला गेला तर त्याच्या टेबलावर टोपी तरी दिसते.

मला राग कशाचा आला, तर पकडल्याचा नाही. ज्यांनी विहीर दाखवली, आमच्या म्हाताऱ्याचं तोंड दाखवलं, जगाकडून त्याचे पैसे घेतले, त्यांनी मला चोर ठरवावं याचा. आणि तेही ‘असे दिसते’ म्हणून. सरळ तोंडावर चोर म्हणण्याचीही त्यांची हिंमत नाही.

‘जाऊ द्या भाई,’ दोस्त म्हणाला. ‘माझा छोटा भाऊ कुवेतला हाये ना. तिकडे दिसत असन तर त्यालेच लावाले सांगतो.’

तिकडे दिसत होता. त्या भावाला शुक्रवारी सुट्टी असते. शुक्रवारी दुपारी दोस्त स्वतः आमच्या घरी आला, मायच्या पाया पडला आणि भावाला व्हिडिओ कॉल लावला. भाऊ मोठा उत्साही. त्याने आधी आपल्या मोबाइलवर पिक्चर लावून त्याचाच पडदा आम्हाला दाखवायचा प्रयत्न केला. तर आमच्याकडे सगळं काळं, खाली नुसती इंग्रजी अक्षरं येत-जात होती. कंपनीने तेही अडवून ठेवलं होतं. आवाजसुद्धा येईना. मग त्याने टीव्हीवर पिक्चर लावला आणि मोबाइल पाण्याच्या बाटलीला टेकवून टीव्हीसमोर उभा केला. असा तो पिक्चर आमच्या वावरातून पुण्याला, पुण्याहून परदेशाला, परदेशातून कुवेतला आणि कुवेतहून पुन्हा आमच्या ओसरीवर आला. वावर ओसरीपासून दिसतं.

‘दादी, दिसून राह्यलं का?’ भाऊ तिकडून विचारायचा.

‘दिसते रे बापा. तू बाजूले सरक.’

चित्र हलत होतं, मधेच थबकत होतं. तूर दिसली. टेकाड दिसलं. मायने मोबाइल माझ्या हातातून घेतला आणि पदराने पुसला. मग नट सायकलवरून आला आणि कठड्यावर बाबा बसले होते. बसल्या जागी जरा पुढे वाकून, तळहात गुडघ्यावर, अगदी जसे बसायचे तसे. मायने मोबाइल कानाजवळ नेला, मग दिसेना म्हणून पुन्हा समोर धरला. नटाने रस्ता विचारला. बाबांनी मान वर केली, आणि एक जाडसर, धीमा, स्वच्छ आवाज म्हणाला : ‘रस्ता सरळ आहे. पण तू तिकडे का चालला आहेस? तिथे आता कोणीच राहत नाही.’

माय थांबली. मग म्हणाली, ‘हे कोन बोलून राह्यलं?’

तिने मोबाइल माझ्याकडे फिरवला.

‘तोंड त्यायचं हाये. बोलून कोन राह्यलं?’

दोस्ताने मान खाली घातली. त्याने बाबांना पुष्कळदा ऐकलं होतं. आमच्या घरात कोणी कधी ‘चालला आहेस’ असं बोललेलं नाही. बाबा पुण्याला एकदा गेले होते तेव्हा तिथेही बोलले नव्हते; रिक्षावाला हसला तर त्यालाच विचारलं होतं, ‘काऊन हासून राह्यला बे?’ त्यांच्या तोंडावर यांनी कोणा तरी रेडिओवाल्याचा आवाज चिकटवला होता. ओठ एक म्हणत होते आणि आवाज दुसरंच.

‘दादी, पुन्हा दाखवू का?’ भाऊ तिकडून म्हणाला.

‘नको बापा,’ माय म्हणाली. ‘तुही सुट्टी हाये, जेवून घे.’ आणि तिने मोबाइल माझ्या दोस्ताच्या हातात दिला, परक्याची वस्तू परत करावी तशी.

त्यानंतर तिने पिक्चरचं विचारणं सोडलं. ते मला जास्त लागलं. विचारत होती तोवर काम बाकी होतं. आता ते बुडालं होतं. मी कंपनीचं खातं बंद केलं. बंद करताना त्यांनी विचारलं, आपण का जात आहात, आणि खाली कारणं दिली होती त्यांतून निवडायचं होतं. माझं कारण त्यांत नव्हतं.

काही महिने गेले आणि मॅनेजरचा फोन आला. आवाजात तोच गोडवा. ‘दादा, ओळखलं का?’

‘ओळखलं. पडदा घेऊन येऊन राह्यले का?’

तो हसला. मग कामाचं बोलला. एक मालिका काढत होते, टीव्हीची नव्हे, मोबाइलवर येते तसली. तिच्यात भंगार ट्रॅक्टरांचं आवार हवं होतं. जिल्ह्यात एवढे जुने ट्रॅक्टर एका जागी माझ्याकडेच आहेत, हे त्याला माहीत होतं, आणि त्याला माहीत आहे हे मला माहीत होतं. माझ्या हातावर पुन्हा रुमाल पडला होता. मी घाई केली नाही.

‘बाबाचा आवाज काऊन काढला?’ मी विचारलं.

‘काढला नाही दादा, डब केला. आधी काही लोकांना दाखवला, तर त्यांना भाषा कळेना.’

‘लोक म्हंजे कोन?’

‘आपलेच. पुण्याचे, मुंबईचे.’

‘खाली इंग्रजी अक्षरं हायेत ना? परदेशातल्या मानसाले समजलं, अन् पुण्याच्या मानसाले नाही समजलं?’

‘तसं नाही. जरा ग्रामीण वाटत होतं.’

‘वावरात बसलेला मानूस तुमाले ग्रामीण वाटला.’

मी त्याला आणखी सुनावलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही. तापून झाल्यावर मी माझं म्हणणं ठेवलं : आवार पाहिजे तर त्या दुपारी विहिरीवर जे बोलणं धरलं होतं ते मला पाहिजे. बाबांचं खरं.

‘ते कसं देता येईल? सगळं कंपनीच्या मालकीचं आहे. पिक्चरमधलं काहीही बाहेर द्यायचं नाही असा करार आहे.’

‘पिक्चरात हाये का तो आवाज?’

‘नाही.’

‘मंग पिक्चरातलं कसं झालं? तुमी तो फेकला. फेकलेला माल कोनाचा असते?’

मी पंचवीसेक वर्षं भंगारात काढली आहेत. टाकून दिलेल्या वस्तूवर कोणी हक्क सांगायला लागला, की समजायचं तो द्यायला तयार आहे, फक्त त्याला वाट काढून पाहिजे. ‘आवाजवाल्याला विचारून पाहतो,’ तो म्हणाला. ‘त्याच्याकडे जुन्या डिस्क असतात. पण कोणाला पाठवू नका.’

‘मले कोनाले पाठवाचा हाये? ऐकनारी माय घरातच हाये.’

आवाज आला. व्हॉट्सॲपवर, एका साध्या फाइलमध्ये. ना प्रदेश विचारला, ना तारे. आवाराचं भाडं मी त्यांच्याकडून असं वसूल केलं, की मॅनेजर अजून त्याबद्दल बोलतो. पण ते वेगळं.

फाइल आली तेव्हा माय ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत होती. मी आधी एकट्याने ऐकणार होतो, पण तिने माझं तोंड पाहिलं. ‘काय हाये?’ म्हणाली. मी मोबाइल तिच्यासमोरच्या टोपलीत ठेवला आणि लावला.

आधी वारा. मग एका पोराचा पुणेरी आवाज, तो आवाजवाल्याचा : ‘बाबा, माइक तपासायचाय. काहीही बोला. सकाळी काय खाल्लंत ते सांगा.’

आणि बाबा म्हणाले, ‘काय खाल्लं म्हंजे? भाकर खाल्ली. भेदराची चटनी खाल्ली. मीठच नव्हतं तिच्यात. बुढीले सांगतलं तं म्हनते, तुमच्या जिभीलेच चव नाही राह्यली. आता काय बोलाव मानसानं.’

मायचा हात शेंगेवर थांबला. आमच्याकडे टोमॅटोला भेदरं म्हणतात आणि त्यांची चटणी घरात अजूनही तीच करते.

‘खोटं बोलून राह्यले,’ ती म्हणाली.

पुढे नट येऊन रस्ता विचारत होता. बाबा सांगत होते, ‘रस्ता सरळ हाये बापा. पन तू काऊन जाऊन राह्यला तिकडे? तथी आता कोनीच नाही राह्यलं.’ दिग्दर्शक पुन्हा म्हणायचा, नट पुन्हा यायचा. बाबा पुन्हा सांगायचे. शेवटी शेवटी त्यांचा आवाज चढला होता : ‘कितीक खेपा सांगू बे तुले? सरळ हाये म्हनलं ना. जाय ना मंग.’ मागे सगळी टोळी हसली होती. ते हसणंही त्या फाइलमध्ये होतं.

मला वाटलं होतं माय त्या रस्त्याच्या वाक्याशी थांबेल. तिने ते नीट ऐकलं, मान हलवली. मग म्हणाली, ‘पहिल्यापासून लाव.’

मी लावलं. मीठ आलं.

‘सारं मीठ होतं तिच्यात,’ ती मोबाइलला म्हणाली. ‘चार मानसांत जाऊन बायकोचं नाव खराब करते. म्हनूनच सांगत नव्हते मले, काय बोलले तं. पुन्हा लाव.’

त्या दिवशी तिने ते किती वेळा लावायला लावलं ते मी मोजलं नाही. संध्याकाळपर्यंत ती स्वतःच लावायला शिकली. मोबाइल माझ्या हातून गेला. गिऱ्हाइकांचे फोन येत राहिले आणि ती ते कापत राहिली.

सकाळी मी आवारात निघालो तर तिने हाक मारली. चुलीजवळ मोबाइल उभा करून ठेवला होता. ताटात भाकर होती आणि भेदराची चटणी.

‘तशीच केली, बराबर तशीच,’ ती म्हणाली. ‘खाय अन् खरं सांग.’

मी खाल्लं. मीठ कमी होतं. चांगलंच कमी होतं.

‘बराबर हाये,’ मी म्हणालो.

माय मोबाइलकडे वळली. ‘ऐकलं?’ ती म्हणाली.